शनिवारी विरुद्ध मत हवं

प्लेअर एक आणि हेडफोन दोन. रेकॉर्डच्या दुकानातल्या कोपऱ्यात मी एक हेडफोन कानाला लावला, तेव्हा दुसरा आधीच कुणीतरी लावलेला होता. उंच, बाहीला खडूची पूड लागलेला कुणीतरी. एका ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचा अल्बम लागला होता. तिसऱ्या गाण्यात ड्रम एकदम थांबतो आणि गायिकेचा नुसता श्वास ऐकू येतो... तिथे सुई मागे न्यायला आम्हा दोघांचे हात एकदमच पुढे आले.

“तुम्हालाही?” तो म्हणाला.

“हो ना... परत?”

“परत!”

तो शाळेत भूगोल शिकवतो आणि मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, एवढं एकमेकांना कळेपर्यंत ते गाणं तीनदा झालं. दुकानदार काकांनी हसत हसत दोघांनाही शनिवारच्या बैठकीचं आमंत्रण दिलं.

बैठकीचा नियम काकांचाच. सगळ्यांनी गप्प बसून अख्खा अल्बम ऐकायचा, मग एकेकाने मत द्यायचं. मध्ये कुणी बोललं की काका घंटी वाजवणार. आणि ज्या दोघांची मतं सगळ्यात विरुद्ध, त्यांनी ती रेकॉर्ड आठवडाभर नेऊन एकत्र पुन्हा ऐकायची. “भांडण ऐकून मिटतं,” असं काकांचं म्हणणं.

इथेच माझं घोडं पेंड खायचं. माझं आणि मास्तरचं मत कधी वेगळं होईल तर शपथ! मी म्हणावं, “दुसरी बाजू सरस,” की तो मान डोलवणार. आणि बैठकीला येणारी ती दातांची डॉक्टर? ती “भिकार” म्हणाली की तो “सुरेख” म्हणायचा. तीन शनिवार ओळीने तो तिच्यासोबत रेकॉर्ड घेऊन गेला. ती दिसायला छान, आवाज मऊ, वर दातही तसेच! माझ्या पोटात इतकं दुखायचं की सोमवारी मी एका आजोबांना दूरचा चष्मा जवळचा म्हणून देऊन टाकला. लोक प्रेमाचा हेवा करतात, मला त्या दोघांच्या भांडणाचा हेवा वाटत होता.

आणि मग त्या शनिवारी काकांनी लावला तो आमचाच अल्बम. तिसऱ्या गाण्यात ड्रम थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं... मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनाशी ठरवलं होतं, आज खोटं बोलायचं. त्याला हा अल्बम जीव की प्राण, म्हणजे तो कौतुक करणारच. मी नाक मुरडलं की झालं, रेकॉर्ड आमच्या दोघांची!

“शिलाई पक्की, पण पहिली बाजू जरा घाईत उरकलीय,” बैठकीतले शिंपीकाका म्हणाले.

“अप्रतिम,” डॉक्टर म्हणाली. “उपटून काढावं असं एकही गाणं नाही.”

माझी पाळी आली. “रडगाणं आहे नुसतं. तिसऱ्या गाण्यात तर ड्रमवाला बहुतेक चहाला गेलाय.” जीभ झडली नाही, हेच नशीब.

मास्तर उठला. घसा खाकरला. “मला पण... नाही आवडला. तिसरं गाणं तर अर्धवटच सोडलंय.”

“खोटं!” मी ओरडले.

घंटी वाजली. मी कुठली ऐकतेय? “तीनदा ऐकलंस तू ते! माझ्या शेजारी उभं राहून! आज डॉक्टरांना आवडलं, म्हणून तुला लगेच वाईट वाटायला लागलं? जायचंय ना परत त्यांच्याकडे? जा!”

“आणि तू?” त्याचे कान लाल झाले होते. “मला वाटलं, तू कौतुक करशील, म्हणून नावं ठेवायचं घोकून बसलो होतो... तू उलटंच बोललीस, तरी तोंडातून घोकलेलंच निघालं... एकदा तरी रेकॉर्ड तुझ्यासोबत...”

मी कपाळाला हात लावला. शिंपीकाका रुमालात तोंड लपवून हसत होते.

“बाई गं,” डॉक्टर माझ्याकडे वळली, “ही रेकॉर्ड आणि हा, दोन्ही तूच ने. आमच्याकडे येतो, माझ्या नवऱ्याशेजारी बसतो आणि गाणं लागलं की तुझ्याबद्दल बोलत सुटतो. तीन आठवड्यांत मला एक गाणं धड ऐकू दिलेलं नाही.”

“खोट्या मतांना रेकॉर्ड मिळत नाही,” काकांनी ती छातीशी धरली. “खरं बोला.”

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “खरं सांगू? तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून. त्या तिसऱ्या गाण्यातच.”

“छे! तू तर माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीस. सगळा वेळ सुईकडे डोळे!”

“सुईवर तुझा हात होता ना.”

मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. “तरी आधी मी,” मी म्हणाले. “तू हेडफोन काढायच्या आधीच मला तू आवडला होतास.”

“अजिबात नाही. आधी मी.”

“आधी मी!”

काकांनी घंटी वाजवली आणि रेकॉर्ड आमच्या पुढे धरली. “आलं एकदाचं विरुद्ध मत. न्या घरी!”

नियमाप्रमाणे ती आठवड्याने परत करायची होती. पण वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे ती आमच्याच घरी आहे.