पाइप नसलेला आवाज

"आता ओढ," मावशी म्हणाली आणि शंकासुराने दोन्ही हातांनी जाड खुंटी बाहेर ओढली. मावशीने पायाखालची पट्टी दाबली. आवाज आला, पण हवा होता तो नव्हे.

ताई, सतत शंका काढणारा शंकासुर आणि चिमणी या सुट्टीत मावशीकडे आलेल्या तिघा भावंडांची एव्हाना सभागृहातल्या अवाढव्य पाइप ऑर्गनशी गट्टी जमली होती. बासरीची खुंटी ओढली की बासरी वाजे, तुतारीची ओढली की तुतारी. या जाड खुंटीचा आवाज मात्र इतका खोल, की कानांआधी तळपायांना कळे. पहिल्यांदा ऐकून धाकटी चिमणी मावशीला बिलगली होती. मग रंगारी भिंती रंगवून गेले आणि आवाज गडप!

मावशी इथे नवी, आधीचा वादक परगावी गेलेला. विचारणार कुणाला? संध्याकाळी सभागृहाचे विश्वस्त वाद्य ऐकायला येणार होते. ते म्हातारं झालंय, मोडून लाउडस्पीकर लावू, असं व्यवस्थापकांनी त्यांच्या कानात आधीच भरवलं होतं. वाद्य गेलं की मावशीची नोकरीही गेली. ती न जेवताच कपडे बदलायला घरी गेली. तिघांना फार वाईट वाटलं.

पाइपांच्या खोलीत मुलांना बंदी होती. ताईने साळसूद चेहऱ्याने व्यवस्थापकांना विचारलं, आत धूळ साचलीय, झाडून देऊ का? फुकटात झाडलोट होतेय म्हटल्यावर त्यांनी लगेच किल्ली काढून दिली.

आत पाइपांचं रानच होतं, काही पेन्सिलीएवढे, काही खांबाएवढे. ताई बाहेर पट्टी दाबून बसली. शंकासुराने सगळ्यांत मोठ्या पाइपच्या तोंडाशी हात धरला. वारा येत होता, पाइप वाजत होता.

"हा तर ठणठणीत आहे," तो ओरडला. "मग तो खोल आवाज कोणाचा होता?"

"याहून मोठ्या पाइपचा असेल. चोरला असेल कोणी," ताई बाहेरून म्हणाली.

"अगं, हाच दारातून जायचा नाही!"

दोघांची मती गुंग झाली. तेवढ्यात भिंतीलगतच्या मधल्या उंचीच्या रांगेतून चिमणी म्हणाली, "यांच्या तोंडात बोळे आहेत."

रंग उडू नये म्हणून रंगाऱ्यांनी चिंध्या कोंबल्या होत्या आणि काढायला विसरले होते. व्यवस्थापकांनी आत न डोकावताच काम पसंत केलं होतं. तिघांनी सगळ्या चिंध्या उपसल्या.

ताईने पुन्हा पट्टी दाबली. मोठ्या पाइपबरोबर मधल्या रांगेतला एक पाइप बोलू लागला आणि दोघांच्याही खालून तो खोल आवाज आला. जमीन थरथरली. चिमणीने एकेका पाइपला हात लावून पाहिला. वाजत होते ते दोघेच. शंकासुराने मधल्याचं तोंड तळहाताने झाकलं, खोल आवाज गेला. हात काढला, परत आला. हे काय गौडबंगाल, त्याला काही उमगेना.

संध्याकाळी मावशीने वाजवायला घेतलं आणि विश्वस्तांच्या खुर्च्या हलल्या. तरी व्यवस्थापक हटेनात. खोल आवाजाचा तो जुना पाइप कधीही दगा देईल, असं त्यांचं म्हणणं. थोरल्या विश्वस्तबाई म्हणाल्या, कोणता पाइप ते दाखवा. व्यवस्थापक टॉर्च घेऊन आत गेले, पण एवढ्या खोल आवाजाचा पाइप काही सापडेना, अंगभर जळमटं घेऊन ते रित्या हाताने परतले.

मग ताई पट्टी दाबून बसली आणि शंकासुर बाईंना आणि मावशीला आत घेऊन गेला. त्याने मधल्याचं तोंड झाकून दाखवलं, उघडून दाखवलं. चिंध्यांचा ढीगही दाखवला. मावशीच्या डोक्यात आता लख्ख प्रकाश पडला. ती म्हणाली, "हा जोडीचा आवाज! दोघं बरोबर बोलले की आपल्याला तिसरा ऐकू येतो. पुस्तकात वाचलं होतं, पण याच खुंटीत असेल असं वाटलं नाही."

"म्हणजे जो पाइप इथे नाही, तो वाजतो?" बाईंनी विचारलं.

"हो," तिघं एकदम म्हणाली.

बाईंनी पुन्हा एकदा तोंड झाकायला लावलं, पुन्हा उघडायला लावलं. मग व्यवस्थापकांकडे वळून त्या म्हणाल्या, "मला अजून काही कळलेलं नाही. तुम्हालाही नाही. तेव्हा वाद्य मोडायचं नाही आणि ते वाजवणाऱ्या बाईही इथेच राहतील. पोरांनो, शाबास!"

मावशीने तिघांना एकदमच कवेत घेतलं आणि खूप वेळ सोडलं नाही.