मला न विचारता

“शिडी धरता का जरा? हलतेय.”

रेकॉर्ड रूममध्ये शिरले तेव्हा मला दिसले ते फक्त त्याचे पाय. एक मोजा निळा, एक काळा. मी शिडी धरली. वरून आधी धूळ आली, मग एक दणदणीत शिंक.

“अहो, गर्भाशय काढलेल्या बायकांचे जुने केसपेपर हवेत मला. चाळिशीच्या आतल्या.”

“मिळतील. तुम्ही शिडी सोडली नाहीत तर.”

तासभर मी त्याला राबवून घेतलं. ‘तो नाही, त्याच्या शेजारचा गठ्ठा...’ तोही निमूटपणे काढून देत होता. दुपारी मॅडमच्या खोलीत पहिली बैठक, आणि समोरच्या खुर्चीत तोच! केसांत अजून धूळ. माझ्यासारखाच डॉक्टर, संशोधन शिकायला निवडलेल्या चौघांतला एक.

“तुम्ही क्लार्क नाही होय?” मी कुजबुजले.

“छान हुकूम सोडता तुम्ही. म्हटलं, कशाला मोडता घाला?”

मॅडम आमच्या स्त्रीरोग विभागाच्या प्रमुख. दोन वर्षं आम्ही सकाळी वॉर्ड बघायचा आणि दुपारी त्यांच्या हाताखाली संशोधन करायचं. माझी प्रश्नावली त्यांनी सात वेळा लाल करून परत पाठवली. “बाईला प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं,” त्या म्हणायच्या. “तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं. उत्तर सापडायला वेळ लागतो तिला.”

मी त्या बायकांना शोधून काढत होते, त्यांच्याशी बोलत होते. एक शिवणकाम करणारी होती, एकतीस वर्षांची. ऑपरेशन करायचं कुणी ठरवलं, असं विचारलं तर हसली. “नवरा आणि डॉक्टर बाहेर बोलले. मला तारीख सांगितली.”

त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. तो कुठूनसा आला. दोन पायऱ्या खाली बसला, संत्रं सोललं आणि एकेक फोड मागे न बघताच माझ्या हातात देत राहिला... माझं काय व्हायचं ते तिथेच झालं.

मग काय! आकडेमोड त्याची पक्की, माझी कच्ची. रोज दुपारी एकाच कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या.

“तुझ्या तक्त्यात एक रकाना रिकामा आहे,” एकदा तो म्हणाला.

“कुठला?”

“जोडीदार.”

“मग... भर की.”

त्याचे कान लाल झाले. बराच वेळ आम्ही दोघंही पडद्याकडे बघत राहिलो. पडद्यावर काय होतं, देव जाणे.

दुसऱ्या वर्षी विभागात शिकवण्याची एक जागा निघाली. निम्मा आठवडा फक्त संशोधनाला. अशी जागा मिळणं म्हणजे माझा अभ्यास पुढे चालू राहणं. मॅडम एकाच नावाची शिफारस करणार होत्या, आणि सगळे म्हणत होते, ती तुझीच.

त्याच सुमारास तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आई फार प्रेमाने बोलल्या. मध्येच म्हणाल्या, “दोघंही दिवसभर हॉस्पिटलात, मग घराकडे कोण बघणार?” तो हसला. पहिलीच भेट, म्हणून मीही हसले.

पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डावर नाव लागलं. त्याचं.

मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले. त्या गोंधळल्या. “अगं, तूच नको म्हणालीस ना? लग्नानंतर हलकं काम हवंय, असं त्याने सांगितलं मला...” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी त्याच्याकडून ऐकलं आणि तुला विचारलं नाही. मी! चूक माझी आहे.”

पण निवड समितीचा ठराव झाला होता. मॅडमनी तो बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तो कँटीनमध्ये भेटला. चहा दोघांचाही निवला.

“तुझी ओढाताण होऊ नये म्हणून गं... त्या दिवशी आईसमोर तू हसलीस. मला वाटलं, तुला पटलंय.”

“मला विचारलं असतंस तर?”

“तू हट्टाने जागेला हो म्हणाली असतीस.”

“हो. म्हणालेच असते.”

त्याने मान खाली घातली. “मी जागा सोडतो. आत्ता जाऊन सांगतो मॅडमना.”

“नको. आता ती तू दिलेली होईल.”

“माझं प्रेम आहे तुझ्यावर... खरंच.”

“माहितीय रे. म्हणून तर एवढं लागलं.”

पाच तासांवरच्या एका लहान हॉस्पिटलात मी नोकरी धरली. अभ्यास जमेल तसा तिथून करायचा, दर महिन्याला मॅडम फोनवर तपासणार, असं ठरलं. निघायच्या दिवशी तो स्टँडवर आला. प्रश्नावल्यांचं खोकं त्यानेच बसमध्ये चढून माझ्या सीटवरच्या फळीवर ठेवलं. शर्टाच्या कॉलरचं बटण तुटलं होतं त्याच्या. हात पुढे करून ती कॉलर नीट करावी, असं फार वाटलं... मी हात मांडीवर ठेवले.

“परत कधीच नाही का?” खिडकीखालून त्याने विचारलं.

“काही विचारू नकोस आता,” मी म्हणाले.

बस हलली. तो चार पावलं बरोबर चालला, मग थांबला. मी तिसऱ्या स्टॉपपर्यंत धाय मोकलून रडले. शेजारच्या मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली. हळूच विचारलं, “कुणी गेलं का गं, बाळा?”

“नाही मावशी,” मी डोळे पुसले. “मीच निघालेय.”