टाळ्यांची सवय

"सन २०७४! माणसामाणसांमधली शेवटची भिंत कोसळली!" वर्तमानपत्रातली ही घोषणा निवृत्त मुख्याध्यापक अण्णा खरवंडीकरांनी खड्या आवाजात वाचली आणि बशीतल्या चहाचा भुरका मारला. पलीकडच्या खोलीचं दार हळूच बंद झालं.

"बघा," समोर बसलेल्या डॉ. शाहीन मुजावरांना अण्णा म्हणाले, "जगाच्या भिंती पडताहेत, आमच्याकडे दारं लागताहेत."

ती भिंत पाडणारी 'परानुभव टोपी' डॉक्टरांनी पिशवीतून काढली. दिसायला थेट माकडटोपी. दुसऱ्याचा मेंदू आवाजाला, उजेडाला, स्पर्शाला जेवढं वजन देतो, तेवढंच ती घालणाऱ्याच्या मेंदूला दहा मिनिटं द्यायला लावायची. आत भरलेली मोजमापं होती शाल्मलीची, म्हणजे अण्णांच्या स्वमग्न मुलीची. तिनं स्वतःच दिली होती.

टाळ्यांचा आवाज सोसत नाही म्हणून अण्णांच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराला शाल्मली येणार नव्हती. टोपी घालून तिचे नखरे एकदाचे सिद्ध करायचे, असा अण्णांचा बेत होता.

"सवय नाही, दुसरं काय! सवय व्हावी म्हणून चौथीत असताना दर शनिवारी प्रार्थनेनंतर तिला पुढे उभं करून अख्ख्या शाळेकडून टाळ्या वाजवून घेतल्या मी. वर्षभर!"

डॉक्टरांनी विचारलं, "सर, पंखा ऐकू येतोय?"

"कुठला पंखा?"

"डोक्यावरचा. तुमच्या मेंदूनं तो दोन मिनिटांत सोडून दिला. तिचा मेंदू सोडत नाही. तिला प्रत्येक वेळ पहिलीच."

अण्णांनी टोपी चढवली. पंखा छत सोडून कानात उतरला. सदऱ्याची कॉलर मानेवर करवतीसारखी फिरू लागली. हाताच्या सवयीनं त्यांनी बशी उचलली, भुरका मारला, आणि बशी टाकून दोन्ही कान दाबत खाली बसले.

चौथीतली शाल्मली अश्शीच बसायची. तेव्हा ते माइकवरून म्हणायचे, "अजून जोरात!"

सहाव्या मिनिटाला त्यांनी टोपी ओरबाडून काढली. पंखा विझला. कॉलर मऊ झाली. मान मात्र वर होईना. मग खरी धास्ती वाटली ती वेगळीच: उद्यापर्यंत या लाजेचीही सवय झाली तर?

ते शाल्मलीच्या दारापाशी गेले. ठोठावायला उचललेला हात आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खाली घेतला. पावलं ऐकून तिनंच दार उघडलं.

"शाल्मली, सत्कार रद्द. ते सगळे शनिवार... मी... मला..."

शाल्मलीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग जमिनीवरच्या बशीकडे बघत म्हणाली,

"अण्णा, चहा कपातून पिता येईल?"