बोटुकल्यांची बादली

बसने माजलगावच्या अलीकडे करकचून ब्रेक मारला, आणि माझ्या मांडीवरच्या बादलीतलं पाणी शेजारच्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं.

"अगंबाई! सॉरी हं..."

त्याने शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असू द्या. आवंदा भिजायला तरी कुठं मिळतंय?"

खरंच होतं ते. धरण तळाला गेलेलं, सिंदफणा नदीचं नुसतं वाळवंट. त्याने वाकून बादलीत डोकावलं. रोहूच्या बोटभर पिल्लांची, बोटुकल्यांची, आत झुंबड उडाली होती.

"खायला नेताय?"

"खायला घालायला," मी म्हटलं. "कॉलेजच्या प्रयोगशाळेत. काय खाल्लं की माशाच्या पोटात कोणते जीवाणू वाढतात, ते बघते मी."

"माशाच्या पोटात बी वस्ती असती?"

"तुमच्याही असते."

तो असा हसला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. उतरेपर्यंत बादली त्याने आपल्या मांडीवर धरली. नाव रेवणसिद्ध. मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, वडिलांचं पेंडीचं दुकान. "आमच्या घरात अंडंसुदिक शिजत न्हाई," तो म्हणाला, "अन् मी मासे सांभाळतोय!"

पुढच्या आठवड्यात तो प्रयोगशाळेच्या दारात उभा. हातात शेंगदाणा पेंडीची पुडी. "तुमच्या माशांला चाखवून बघा की..." मग तो येतच राहिला. मी टाक्या धुवायची, तो पाइप धरायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आईदादा, म्हणजे माझे आईवडील, ऊसतोडीला गेलेले, शिरूर कासारच्या घराला कुलूप. 'जेवलीस का' असं विचारणारं माणूस माजलगावात मला तेवढं एकच होतं.

आणि एका दुपारी तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने.

मच्छीमार सोसायटीने पावसानंतर धरणात सोडायचं माशांचं बीज एका तळ्यात जपून ठेवलं होतं. सुकटीची पूड महाग पडते म्हणून चेअरमन आश्रुबांनी रेवणकडून पेंड नेली. आता बोटुकल्या खाईनात. पोटं फुगलेली, काही तर उलट्या तरंगायला लागलेल्या.

"आश्रुबा म्हणतेत, सडकी पेंड दिली. अख्ख्या मोंढ्यात बोभाटा झालाय." त्याने टेबलावर पिशवी ठेवली. "ही तीच पेंड. तपास."

"रेवण... वाईट निघाली, तर मी तेच सांगेन."

"म्हणून तर तुझ्याकडं आलोय."

मला धड झोप लागेना. बीज गेलं तर सोसायटीच्या घरांना वर्षभर जाळी गुंडाळून ठेवावी लागणार होती. आणि माझ्या तोंडून 'पेंड खराब' असं निघालं असतं तर—त्याच्याकडे पुन्हा कशी बघणार होते मी?

पेंडीत बुरशी नव्हती. मग मासे का मरत होते? सुकटीवर वाढलेल्या माशांच्या मी दोन टाक्या केल्या. एकीला एकदम निव्वळ पेंड दिली. दुसरीला सुकटीतच थोडी थोडी मिसळून, रोज जराशी वाढवत. काही दिवसांनी पहिल्या टाकीतले मासे कोपऱ्यात मलूल झाले. त्यांच्या आतड्यातला नमुना काचेच्या बशीत वाढवला, तर घातक जीवाणूंनी बशी भरून गेली. दुसऱ्या टाकीतले मासे मात्र हात दिसला की उसळत होते.

मी तशीच धावत दुकानात गेले. "पेंड चांगली आहे! घाई नडली. सुकट पचवणारे जीवाणू उपाशी मेले, पेंड पचवणारे वाढायला वेळच मिळाला नाही... मधल्यामध्ये वाईटांचं फावलं."

रेवण तराजू तसाच सोडून मला घेऊन आश्रुबांकडे निघाला.

आश्रुबांनी पुन्हा सुकट सुरू केली, मग मुठीमुठीने पेंड मिसळली. त्यांनी तळ्यावर बोलावलं तेव्हा पाणी माशांनी खळबळत होतं. "पोरा, लई बोललो तुला," ते रेवणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "पेंड तुझीच घेणार." आणि ते माणसांना हाका मारत पलीकडच्या काठाला गेले.

आम्ही दोघंच राहिलो.

"मंजुळा... आईला सांगितलंय मी."

"काय?"

"पोरगी शिरूरची हाय. आईबाप कोयता घेऊन जातेत. आपल्यातली न्हाई. अन्... मला तिच्याबिगर करमत न्हाई."

"मग?"

"आईनं इचारलं, पेंड खराब निघाली असती तर काय म्हणली असती ती? मी म्हणलो, खराब म्हणली असती. तवा आई म्हणली, 'मग आण तिला घरी. तोंडदेखलं बोलणारे आपल्यात काय कमी हायेत?'"

कितीतरी दिवस कोंडून ठेवलेला श्वास सुटावा तसं झालं मला. हसू आलं, डोळेही भरले.

"कावून रडतीस?"

"रडत नाही. पट्टा पडला, तोडीचा हंगाम संपला की आईदादा येतील. तुझ्या आईला घेऊन शिरूरला ये. नुसता येऊ नकोस."

"अन् तू काय म्हणशील?"

मी त्याचा हात हातात घेतला. शेंगदाण्याच्या पेंडीचा खमंग वास होता त्याला. तो मला फार आवडतो—आणि तेच मी त्याला सांगून टाकलं.