पेपरातला संघ

सकाळची मिस्सा संपवून मी चर्चच्या मागच्या दाराने बाहेर पडले, तेव्हा पाऊस आडवा येत होता आणि भिंतीवर कुणीतरी चेंडू मारत होतं.

धप्... धप्... धप्.

चर्चमागे तीन उंच भिंतींचं जुनं मैदान आहे. आता तिथे शेवाळं असतं आणि कावळे. त्या दिवशी मात्र रुआन लॅफी होता. आमच्या गावचा पोस्टमन. हातात हर्लिंगची, आमच्या या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाची काठी, अंगात पोस्टाचं जाकीट, केस कपाळाला चिकटलेले.

मी सरळ घरी जायला हवं होतं. पण माझी जपमाळ त्याच्यामुळे दोनदा चुकली होती.

"रुआन, मिस्सेच्या वेळी जरा हळू मारशील का?"

त्याने चेंडू हवेतच झेलला. "आत ऐकू येतं?"

"फादर प्रवचन देतात आणि पूर्णविराम तू देतोस."

तो हसला. पाऊस त्याच्या पापण्यांवरून ओघळत होता आणि तो पुसतही नव्हता. "काय करू, इटा? रोज दीडशे मारायचे आहेत. डेक्लनचा हुकूम."

डेक्लन क्विर्क म्हणजे आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघाचा नवा मॅनेजर. नोव्हेंबरात आला. गणिताचा मास्तर, बोलायला तुसडा. पहिल्याच दिवशी त्याने मुलांना सांगितलं होतं, "रोज दीडशे फटके, एकट्याने, भिंतीवर. मी बघायला येणार नाही. कुणी मारले आणि कुणी नाही, ते मला रविवारी दिसेल."

"पण तू कशाला..." मी म्हणाले आणि जीभ चावली.

"मला खेळवत नाहीत, असंच ना?" त्याच्या आवाजात राग नव्हता. पाच वर्षं तो राखीव गोलकीपर होता. पाच वर्षं सोळा नंबरची जर्सी आणि बाक. गोलमध्ये कायम कोर्मक डूली. "तू रोज साडेसातला येतेस. देव रोज उत्तर देतो?"

"नाही."

"तरी येतेस ना?"

मी छत्री उघडली.

"उद्यापासून सावकाश मारीन," तो मागून म्हणाला. "दीडशे मात्र पुरे करीन हं!"

दुसऱ्या दिवशी ते फटके इतके सावकाश आले, की एका 'नमो मारिया'ला बरोबर एक. मी तीन वेळा मन आवरलं. चौथ्या वेळी माझे मणी त्याच्याच ठेक्यावर सरकू लागले... देवा, माफ कर.

बाबा काठ्या बनवतात. घरामागच्या शेडमध्ये, अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाच्या. काउंटीचे सगळे खेळाडू त्यांच्याकडेच येतात. मी मुठी गुंडाळते आणि टोकाला पत्र्याची पट्टी ठोकते. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाची जागा जाणार, हे आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणून बाबांचा एक नियम आहे— शेडमध्ये ऐकलेलं शेडमध्येच ठेवायचं. आई गेल्यापासून तो नियम मीही धरलाय, शुक्रवारच्या उपासासारखा.

रुआन टपाल टाकायला रोज यायचा. पूर्वी पेटीत टाकून जायचा. आता शेडच्या दाराशी येऊन उभा राहायचा.

"आज काय आणलंस?"

"बियाण्यांचा कॅटलॉग."

"तो कालच आणलास की."

"काल गाजरांचा होता. हा कोबीचा." आणि मग बाबांकडे बघत, अगदी साळसूदपणे, "मार्टिनकाका, परवा कांद्यांचा येणार आहे."

बाबांनी रंधा थांबवला नाही. "पोरा, एवढी भाजी पेरायला माझ्याकडे जमीन नाही."

मोसम वाईटच सुरू झाला. पहिला सामना चौदा पॉइंटांनी हरलो, दुसरा नऊने. दुकानात, पबमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा लोक डेक्लनच्या नावाने बोटं मोडत होते. पण एका गोष्टीसाठी सगळे त्याला मान द्यायचे. आमच्याकडे शुक्रवारच्या पेपरात संघ छापून येतो, आणि रविवारी मैदानात उतरतो तो वेगळाच! समोरच्यांना फसवायला पूर्वीचे सगळे मॅनेजर तेच करायचे. इतकं, की गावात कुणी थाप मारली तर बायका म्हणतात, "चल, पेपरातला संघ सांगू नकोस." माझ्या मावशीने तर एका स्थळाला 'पेपरातला नवरा' म्हणून परत पाठवलं होतं.

डेक्लनने आल्या आल्या सांगितलं, "पेपरात जे नाव, तेच मैदानात." आणि त्याने ते पाळलं. हरताना पाळलं, तिसऱ्या सामन्यात बरोबरी झाली तेव्हा पाळलं, एप्रिलमध्ये पहिल्यांदा जिंकलो तेव्हाही.

त्या विजयानंतरच्या सोमवारी रुआन फाटकाशी थांबला. हातात एकही पत्र नव्हतं.

"इटा... एकदा माझं नाव पेपरात येऊ दे. एक नंबरला, गोलकीपर म्हणून. मग मला तुला काहीतरी विचारायचंय."

"आणि नाही आलं तर?"

"येईल."

"रुआन, मी काही कप नाही, जिंकल्यावर उचलायला."

तो मानेपर्यंत लाल झाला. "कप नाही गं... पण पाच वर्षं बाकावर बसलेला माणूस कुणाच्या दारात काय तोंडाने जाणार?"

"तू रोजच येतोस की आमच्या दारात."

"ते सरकारी काम आहे," तो म्हणाला, आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. वळणावर त्याने मागे पाहिलं. मी पाहिलं नाही... म्हणजे, तो पाहीपर्यंत पाहत होते.

मेचा शेवटचा रविवार जवळ आला. शेवटचा सामना. हरलो तर काउंटी खालच्या गटात जाणार. परत वर यायला कुणास ठाऊक किती वर्षं. आणि नेमकं त्याच आठवड्यात कोर्मकचं मनगट दुखावलं. डेक्लनने सरावात रुआनला गोलमध्ये उभं केलं. बुधवारी तो टपाल द्यायला आला, तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"समोरच्या संघात तो लालकेस्या आहे ना, पेनल्टी मारणारा, त्याचे सगळे जुने सामने बघतोय. रोज चार तास. त्याच्या बायकोनेही त्याला एवढं बघितलं नसेल!"

गुरुवारी संध्याकाळी डेक्लन शेडमध्ये आला. कोर्मकची काठी बाबांपुढे ठेवली.

"मूठ जाड करा. पट्टी बांधलेल्या हाताला धरता आली पाहिजे."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तो खेळणार?"

"रविवारी सकाळी ठरवीन. डॉक्टर म्हणतो, शक्य आहे. तोवर रुआनला वाटू दे की तोच आहे. अर्धं मन घेऊन सराव केला तर दोघेही माझ्या हातून जातील." मग तो माझ्याकडे वळला. "मला हे आवडत नाही, पोरी. पण काउंटी खाली जाऊ द्यायची नाहीये."

ती मूठ मीच गुंडाळली. एकेक वेढा ओढून, घट्ट. डोळ्यांत पाणी येत होतं आणि वेढा सैल पडू द्यायचा नव्हता.

शुक्रवारी सकाळी रुआन पेपर घेऊनच आला. पावसाने भिजू नये म्हणून जाकिटाच्या आत, छातीशी. त्याने तो उघडला. पंधरा नावं, आणि सगळ्यांत वर त्याचं.

"आलं," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "इटा, आलं बघ! आता विचारू?"

शेडमध्ये बाबांचा रंधा थांबला.

काय करू? सांगितलं, तर शब्द मोडतो. आणि त्याचा सरावही. गप्प राहून 'विचार' म्हटलं, तर तो रविवारी साऱ्या काउंटीसमोर खोटा पडणार, आणि त्या खोट्यावर माझा होकार उभा राहणार.

"तो पेपर बाजूला ठेव," मी म्हणाले. "मग विचार."

"बाजूला? अगं, याच्यासाठीच तर..."

"पेपर बाजूला ठेवून विचारता येत असेल तर आत्ता विचार. नाहीतर विचारू नकोस."

पाणी त्याच्या हनुवटीवरून पेपरावर पडत होतं. "पाच वर्षं मी या एका ओळीसाठी घासलीत. आणि तू म्हणतेस, ती बाजूला ठेव." त्याने पेपराची नीट घडी घातली. "समजलो."

तो काहीच समजला नव्हता. आणि मला समजावता येत नव्हतं.

शनिवारी भिंतीवर फटके पडले. दीडशे. इतके जोरात, की फादर दोनदा थांबले. मला बरं वाटलं... रागावला होता, पण सोडलं नव्हतं त्याने.

रविवारी मैदान भरलेलं. भोंग्यातून आवाज आला— "संघात एक बदल. एक नंबर रुआन लॅफी याच्याऐवजी, सोळा नंबर कोर्मक डूली."

मग माझ्या मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या! हा मास्तरही पेपरातलाच निघाला!" आणि हशा पिकला. नंबर छापून झाले होते, त्यामुळे कोर्मक सोळा घालून गोलमध्ये गेला आणि रुआन पाठीवर एक नंबर घेऊन बाकावर बसला. त्याने मान खाली घातली नाही. प्रेक्षकांत बघत, शोधत राहिला... आणि मी त्याला सापडले. मी नजर हटवली नाही. त्या नजरेत त्याला सगळं कळलं असावं, कारण तो हळूच मागे टेकला.

दुसऱ्या डावात डेक्लनने त्याला राखीव काठ्या घेऊन गोलमागे पाठवलं. कोर्मकचं मनगट सुजत होतं, पण मूठ सुटत नव्हती. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन पॉइंटांनी पुढे, आणि त्यांना पेनल्टी मिळाली. गोल म्हणजे तीन पॉइंट. म्हणजे सगळं संपलं.

लालकेस्या चेंडूपाशी आला.

"कोर्मक!" गोलमागून रुआन गरजला. "तो डावीकडे बघेल! तुला फसवायला बघेल! मारणार उजवीकडे, खाली! जागचा हलू नकोस, गाढवा!"

लालकेस्याने डावीकडे पाहिलं. कोर्मक हलला नाही. चेंडू उजवीकडे आला, खाली, गवताला घासत... आणि काठीच्या पात्यावर ठाण्कन बसला.

मग नुसता कल्लोळ. माणसं कुंपणावरून उड्या मारत होती. बाबा एका अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडत होते.

गाड्या लावायच्या जागेत मी बाबांची वाट बघत होते, तेव्हा रुआन आला. सगळे चिखलाने माखलेले, आणि याची जर्सी अशी, की आत्ताच इस्त्री केलीय. मागून डेक्लन धावत आला. "रुआन, मला तुझी माफी—"

"उद्या माग," तो न वळता म्हणाला. "आज मला काम आहे."

तो माझ्यासमोर थांबला. "गुरुवारपासून माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"शेडमधलं होतं. बोलता येत नव्हतं."

"पहिला डाव संपेपर्यंत मी तुझ्यावर रागावलो होतो."

"मग?"

"मग लक्षात आलं, तू 'नाही' म्हणालीच नव्हतीस." त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. रिकामे. "इटा, पेपर नाही. गोल अडवलेला नाही. एक मिनिटही खेळलेलो नाही, आणि पुढच्या वर्षी खेळेन याचीही खात्री नाही. पण दीडशे मी मारणारच आहे, रोज. असल्या माणसाशी लग्न करशील?"

मी हळू बोलते म्हणून फादर मला नेहमी हसतात. मिस्सेत बायबल वाचायला उभी राहिले की मागच्या रांगेला ऐकू जात नाही. तेव्हा मात्र तीन रांगांपलीकडच्या गाड्यांनाही ऐकू गेलं.

"करीन!"

त्याने माझे हात धरले. आम्ही नेमके बाहेर पडायच्या वाटेवर उभे होतो. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, काचेतून कुणीतरी डोकं काढून ओरडलं, "अहो एक नंबर, बाजूला व्हा की!"

तो हलला नाही. मीही.