कुणी खाल्लं, कुणाला बाधलं

मी मोजणारा माणूस आहे. इंदूरबाहेर सिमरोलजवळच्या एका इंजिनिअरिंग संस्थेत प्रयोगशाळेतली उपकरणं बरोबर आकडे दाखवतात की नाही, हे तपासणं माझं काम. त्यामुळे पुढे वेळा आणि मापं जरा जास्त येतील, त्याला इलाज नाही. नंदिनी, म्हणजे माझी बँकेत नोकरी करणारी बायको, म्हणते की मी आमच्या लग्नाची तारीखसुद्धा ‘अधिक-उणे एक दिवस’ अशी सांगतो.

आमची मुलगी संबोधी एक वर्ष आठ महिन्यांची झाली आणि तिच्या अंगावर पुरळ उठायला लागलं. गुडघ्यांच्या मागे, पोटावर, कानामागे. तांबडे, फुगीर चट्टे यायचे, तासभर पोरीला हैराण करायचे आणि निघून जायचे. डॉक्टरकडे नेलं की अंग साफ. राजेंद्र नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाकडे कारण तयार होतं. साबण, डास, दात, नवा सोफा. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, नजर लागली असेल, लिंबू-मिरची उतरवून टाका. त्यावर माझी आई, कौसल्याबाई, उखडली.

“जयभीमवाल्यांचं घर आहे हे,” ती म्हणाली. “माझ्या सासऱ्यांनी महूला फौजेत पूरी जिंदगी काढली. आमच्याकडे लिंबू फक्त दालमध्ये पिळतात.”

तुकोगंजातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. “रिपोर्ट तो नॉर्मल है, पर गेहूँ की सेन्सिटिविटी हो सकती है,” त्या म्हणाल्या. “एक महीना बंद करके देखते हैं. और डायरी रखिए. क्या खाया, कब खाया, रैश कब आया.”

डायरी ठेवा, हे मला सांगावं लागलं नसतं. जाड पुठ्ठ्याची वही आणि तीन रंगांची पेनं घेऊनच मी घरी आलो.

संबोधीच्या ताटातून चपाती गेली, रवा गेला, बिस्किटं गेली. आई सगळ्यांसाठीच मक्याची नाहीतर ज्वारीची भाकरी टाकायला लागली. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा लिहिलेला सापडला, तेव्हा डबीही घराबाहेर गेली. “हिंगात पण मैदा?” आई म्हणाली. “अब हवा पण छानून देऊ क्या हिला?”

आठ दिवस पोरीचं अंग लख्ख होतं. नवव्या दिवशी सकाळी मी सिमरोलच्या वाटेवर नाश्त्याला थांबलो होतो, तेवढ्यात नंदिनीचा फोन आला.

“परत आलंय. आठ चाळीसला. आणि तिनं सिर्फ केळं खाल्लंय.”

मी लिहून घेतलं, केळं. त्या वेळी माझ्या दुसऱ्या हातात जिलबी होती. ते काही मी लिहिलं नाही, कारण डायरी माझी नव्हती.

शुक्रवारी दुपारी चार दहाला मी कचोरी खाल्ली. चार वीसला घरून आईचा फोन. दोन योगायोगांवरून मी कुठलंही विधान करत नाही. म्हणून सोमवारी मुद्दाम अर्धी जिलबी खाऊन घड्याळ लावून बसलो. दहाव्या मिनिटाला फोन वाजला. मंगळवारी पाव जिलबी खाल्ली. चट्टा बरोबर निम्मा आला.

तेव्हा मला आधी काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला, कारण आलेख सरळ रेषेत येत होता. मग लाज वाटली. पोटच्या पोरीला मी यंत्रासारखं तपासत होतो.

संध्याकाळी घरी सगळं कबूल केलं. माझा अंदाज होता की नंदिनी मला वेड्यात काढेल. पण ती वही ओढून दोन चट्ट्यांच्या नोंदींवर बोट ठेवून बसली. त्या दोन्ही वेळी मी काहीच खाल्लं नव्हतं.

“गुरुवारी बँकेत समोसा होता,” ती हळूच म्हणाली. “कुणाचा तरी बर्थडे.”

“आणि रविवारी?”

आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं.

“मी फक्त टोस खाल्ला चायसोबत,” आई म्हणाली. “टोसमध्ये कुठला गहू? वो तो बाजार से आता है.” मग तिचा चेहरा पडला. “खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खातोय बाप अन् खाजवतेय लेक. ये तो उल्टा हो गया.”

डॉक्टरबाईंना मी आलेख दाखवला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मतलब जलेबी आप खाते हैं, और रैश बेबी को?”

“जी. दस मिनट में.”

“आपकी नींद ठीक है?”

मग आम्ही तिघांनीही बाहेरचा गहूही सोडला. इंदूरात राहून कचोरी सोडणं काय असतं ते इंदूरकरालाच कळेल. ऑफिसातला अशोक म्हणाला, “भिया, संडे को दाल-बाटी है, आ जाओ.” मी म्हटलं, बेटी को मना है. “तो बेटी को मत लाओ ना भिया!” त्याला समजावायला माझ्याकडे फक्त आलेख होता. घरी आम्ही एकमेकांच्या हातांचा वास घ्यायला लागलो. नंदिनी माझ्या शर्टाच्या खिशातले कण झटकून बघायची. पण संबोधी हसत होती, रात्रभर गाढ झोपत होती, आणि त्यापुढे बाटीची काय मातब्बरी?

एकवीस दिवस असे गेले.

बाविसाव्या दिवशी सकाळी सव्वासहाला संबोधी किंचाळत उठली. पाठभर चट्टे होते. मी नंदिनीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे, मग दोघांनी आईकडे.

“लेकराची कसम,” आई म्हणाली.

तिघांच्याही पोटात अजून पाण्याचा घोटसुद्धा गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वासहा. तिसऱ्या दिवशी पुन्हा सव्वासहा.

मी नागपूरला धाकट्या भावाला, पंचशीलला, फोन केला. तो म्हणाला, “दादा, मी तर वर्षभर दोन्ही वेळ पोळ्याच खातो.” त्याच्या पोळ्यांनी संबोधीला कधी काही झालं नव्हतं. म्हणजे बाहेरच्या माणसांचं खाणं तिला बाधत नव्हतं. या घरात राहणाऱ्यांचंच बाधत होतं. आणि या घरात आम्ही चौघंच होतो.

चट्ट्याचं माप मी आलेखावर ठेवलं. जिलबीचं चपातीत रूपांतर केलं. उत्तर दीड चपाती आलं. ते मी दोनदा तपासलं.

चौथ्या दिवशी पावणेसहालाच आम्ही तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसलो. संबोधी नंदिनीच्या मांडीवर झोपली होती. खिडकीतून चांगला उजेड येत होता. गॅस बंद होता, ओटा पुसलेला होता. घरात गव्हाचा दाणा नव्हता.

सहा दहाला दूधवाला येऊन गेला.

सहा तेराला ताज्या चपातीचा वास आला.

सहा चौदाला ओट्यापाशी, जिथं कुणीच नव्हतं, तिथं कुणीतरी चावायला लागलं. सावकाश, तोंड मिटून, नीट वळण लावलेल्या माणसासारखं.

संबोधीच्या मानेवर पहिला चट्टा उठला.

“सुनो,” नंदिनी पुटपुटली. “हे घर सोडू आपण.”

मी भ्यालो होतो. तरी मी घड्याळ बघत होतो. आई उठली. ती भ्यालेली दिसत नव्हती, चिडलेली दिसत होती.

“भूत-बूत मी मानत नाही,” ती म्हणाली. “भूक लागली असेल कुणाला तरी.” मग ओट्याकडे तोंड करून तिनं कमरेवर हात ठेवले. “बघ बाबा, जो पण असशील. खाण्याला आमची ना नाही. पर गहू नको. लेकराला बाधतो. उद्यापासून तुझी भाकरी मी टाकते.”

चावण्याचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं एक भाकरी जास्त टाकली आणि लसणाच्या चटणीसोबत ताटली ओट्यावर ठेवली. सव्वासहा वाजून गेले. संबोधी झोपलेलीच होती, अंगावर एक चट्टा नव्हता. साडेसहाला ताटलीत फक्त चटणी उरली होती. “तिखट लागली असेल,” आई म्हणाली, आणि पुढच्या दिवसापासून गुळाचा खडा ठेवायला लागली.

हे मी वहीत लिहिलं नाही.

महिन्याभरानं डॉक्टरबाईंनी संबोधीला वरून खालून तपासलं. “देखा? गेहूँ ही था,” त्या खूश होऊन म्हणाल्या. “अब थोड़ा-सा देकर देखिए. रैश नहीं आया तो छुट्टी.”

रविवारी अकरा वाजता नंदिनीनं एक फुलका केला. आमच्यापैकी कुणी त्याला तोंड लावलं नाही. तूप लावलेला एक तुकडा मी संबोधीला भरवला. तिनं तो मटकावला आणि टाळ्या वाजवल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. नंदिनीनं फ्रॉक वर करून पोट पाहिलं, पाठ पाहिली, कानामागे पाहिलं. पंधरा. अंग लख्ख होतं. नंदिनी हसता हसता रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. पोर बरी झाली होती. आता ती शाळेत कुणाच्याही डब्यातलं खाऊ शकणार होती.

तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला.

खर्र, खर्र. कोरड्या कातडीवर नखं ओढल्याचा. भराभर, मग जरा थांबून, पुन्हा भराभर.

संबोधीनं दुसऱ्या तुकड्यासाठी तोंड उघडलं. माझा हात तिच्या तोंडाशी जाऊन थांबला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओट्याकडे बघत होती.

“हळू,” ती म्हणाली. “नखं लागतील.”