भावजींचे चुकलेले ठोके

दलदलीच्या जंगलापलीकडे, डोंगराच्या कुशीत एक तळं आहे आणि काळ्या मानेचे करकोचे अजून तिथे घरटी बांधतात, हे भावजींनी विमानातून काढलेल्या एका धूसर फोटोवरून ठरवून टाकलं होतं. तिथवर पायी जाऊन घरट्यांचे फोटो आणायचे, हा मोहिमेचा हेतू. माझा हेतू वेगळा होता. निघताना ताईने माझा दंड घट्ट धरला होता. "माझा नवरा मला धडधाकट परत आणून दे. करकोचे गेले उडत!"

मी नकाशे काढते. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर माझा विश्वास नसतो, माणसांवर तर त्याहून नसतो. आमच्या वाटाड्यावर तर पहिल्या दिवसापासून माझी नजर होती. "तळं पाहिलंयस ना?" असं विचारलं की हा नेमका बुटाची नाडी बांधायला वाकायचा. भावजीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. मोहिमेला येणाऱ्या प्रत्येकाची छाती ते तपासून घेत. जरा धडधड निघाली की माणूस घरी! जुन्या मित्रालाही त्यांनी असंच गाळलं होतं. "आणि तुमची तपासणी?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांना एकदम खोकला आला.

दलदल ओलांडताना डासांनी आम्हाला फोडून काढलं. दुसऱ्या आठवड्यात भावजींना हुडहुडी भरली. बोट टोचून रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकला, तर मलेरिया! औषधांच्या डब्यात क्विनाइन होतं. त्यांनी ते लगेच सुरू केलं आणि ताप उतरलाही. पण मग जुलाब लागले, कानात गुणगुण सुरू झाली आणि उभं राहिलं की झाडाला धरावं लागू लागलं.

ताप उतरल्यावर माणूस आणखी खचतो कसा? माझ्या डोक्यात किडा वळवळला. वाटाड्या रोज त्यांना वाफाळता काढा देत होता.

"काय घातलंस यात?"

"आलं, बाई."

"दाखव."

"संपलं."

मी पेला सरळ चिखलात ओतला. वाटाड्याचं तोंड एवढंसं झालं.

"तुला स्वतःच्या सावलीचाही संशय येतो!" भावजी हसले आणि खिशातल्या बाटलीतून व्हिटॅमिनची गोळी काढून त्यांनी गिळली.

दुपारी ओढा आडवा आला. त्यावर एक ओंडका पडलेला, शेवाळाने बुळबुळीत. वाटाड्या पलीकडे पोहोचला. भावजी मध्यावर थांबले. हात छातीवर गेला. डोळे फिरले. आणि धप्पकन पाण्यात!

वाटाड्याने उडी मारली. मीही मारली. दोघांनी त्यांना ओढून काठावर घेतलं. मानेशी नाडी लागेना. श्वास नाही! मी दोन्ही तळवे छातीवर रोवले आणि दाबत सुटले. ताईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. माझ्या तोंडून शिव्या येत होत्या, त्याही त्यांनाच. अचानक त्यांनी धापकन श्वास घेतला, खोकले, डोळे उघडले.

सॅटेलाइट फोनला मोकळं आभाळ हवं होतं. मी शेजारच्या खडकावर चढून मोहिमेच्या मुख्य छावणीत थांबलेल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"काय काय घेतलंय त्यांनी?" फोनच्या स्पीकरवरून त्यांनी विचारलं.

"क्विनाइन! बाकी काही नाही," खालून भावजी म्हणाले. फार घाईने म्हणाले.

ताप, जुलाब, उलटीची भीती. जेवण चुकलं, पण व्हिटॅमिन एकदाही चुकलं नाही. असा कुठला माणूस असतो? मी खाली उतरले, त्यांच्या खिशातून बाटली ओढली, पुन्हा खडकावर चढले आणि गोळीवर कोरलेली अक्षरं फोनवर वाचून दाखवली.

"हे व्हिटॅमिन नाही. ठोके ताळ्यावर ठेवायची गोळी आहे. क्विनाइनही ठोक्यांच्या तालात ढवळाढवळ करतं. दोन्ही एकत्र, वर जुलाबाने अंगातले क्षार गेलेले! वाचले, हेच नशीब."

"मग मलेरियाचं काय?"

"औषध हवंच, पण हे नको. मी दुसरं इंजेक्शन घेऊन नदीपर्यंत बोट आणते. तोवर दोन्हींतली एकही गोळी नाही. त्यांना उचलून नदीवर आणा, चालवू नका. क्षारांच्या पुडीचं पाणी पाजा. आणि नाडीवरचं बोट काढू नका!"

मी खाली येऊन भावजींकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली.

"धडधड आहे कळलं असतं, तर मलाच घरी बसावं लागलं असतं," ते पुटपुटले. "तुझ्या ताईला सांगू नकोस."

तेवढ्यात टेकडीपलीकडून आवाज आला. खटखट, खटखट! शेकडो चोची वाजत होत्या.

"करकोचे!" भावजी कोपरावर उठू लागले. "एवढी टेकडी ओलांडली की तळं! मला इथे ठेव, तू पटकन फोटो घेऊन ये."

क्षणभर माझे पाय वळले, खोटं कशाला बोलू! पण ज्या माणसाने गोळ्या लपवल्या, तो मी पाठ फिरवताच चालू लागणार नाही कशावरून? आणि नाडी कोण धरणार?

"मी जाऊन येऊ?" वाटाड्याने विचारलं.

"वाट ठाऊक आहे?"

तो बुटाकडे वाकला, मग सरळ झाला. "नाही, बाई. तळं मी कधी पाहिलेलंच नाही. मामाने पाहिलं होतं."

मला राग यायला हवा होता. मी हसत सुटले. "ऊठ. डोली करायला दोन माणसं लागतात."

दोन काठ्या आणि ताडपत्रीची डोली झाली. चोचींचा खडखडाट मागे पडत गेला. भावजी मुसमुसत होते. दर थांब्याला मी नाडी बघत होते. ती मधेच अडखळायची, पुन्हा चालू लागायची. संध्याकाळ व्हायच्या आत नदीवर बोटीचं इंजिन ऐकू आलं.

हॉस्पिटलात ताई आली, तेव्हा छातीला तारा लावलेले भावजी उशीला टेकून बसले होते. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी सगळं स्वतःहून सांगून टाकलं. ताईने मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले, पण माझा दोघांवरही भरवसा नव्हता, म्हणून दाराला कान लावला.

आतून ताईचा आवाज चढला. असं भांडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मग भावजींचाही चढला, तितकाच मोठा, एका दमात, मध्ये कुठेही न अडखळता. तेव्हा कुठे मी बाकावर बसले.